रात्री साडेदहाचा ‘अपडेट?’

प्रश्न: ताई नमस्कार. मी सांगलीत राहतो, शेतीऔषधांच्या कंपनीत फिल्डवर आहे, सहा वर्षं झाली. रोज बाइकवरनं तासगाव, मणेराजुरी, सावळज, कधी पलूस. ऑफिस असं नाहीच, मोबाइल हेच ऑफिस. ॲपवर हजेरी, दिवसभर लोकेशन चालू, दुकानात गेलं की फोटो, प्लॉटवर गेलं की फोटो. छाटणीनंतर पाऊस लागला की शेतकरी पहाटे पाचला फोन करतात द्राक्षावर डावणी (बुरशीचा रोग) आली म्हणून, ते मी घेतो. पण रात्री साडेदहाला ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो ‘अपडेट?’ आणि सगळे एकामागोमाग आकडे टाकायला लागतात, मी नाही टाकला तर मीच उठून दिसतो. बायको म्हणते तुम्ही घरात असून नसल्यासारखेच. हल्ली रात्री दोन-तीनदा जाग येते आणि पहिला हात मोबाइलवर जातो, मेसेज नसला तरी. नोकरी सोडता येत नाही, घराचं लोन आहे. काय करू?

उत्तर: दादा, ‘मेसेज नसला तरी’ या तीन शब्दांवर मी थांबले. म्हणजे आता काम नसलं तरी वाट बघणं चालूच आहे, शरीर झोपतंय आणि कान जागा राहतोय.

हे तुमच्या एकट्याचं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युरोफाउंड (कामाच्या परिस्थितीचा अभ्यास करणारी युरोपीय संघाची संस्था) यांनी २०१७ साली मोबाइल-लॅपटॉपवर कुठूनही काम करणाऱ्यांवर अहवाल काढला होता, त्यातले युरोपातले आकडे बघा. कायम फिरतीवर असणाऱ्यांत ४१ टक्के लोकांना कामाचा ताण जाणवत होता, ऑफिसात बसणाऱ्यांत २५ टक्के. रात्री परत परत जाग येणारे, घरून काम करणारे आणि फिरतीवरचे मिळून, ४२ टक्के, आणि ऑफिसवाल्यांत २९.

पण मला तुमच्या पत्रात एक वेगळीच गोष्ट दिसली. पहाटे पाचच्या फोनची तुम्ही तक्रारच केलेली नाही. कारण त्या माणसाचा वर्षाचा माल वेलीवर आहे, तुम्ही सांगितलेली फवारणी वेळेत झाली तर बाग वाचते, ते तुम्हाला दिसतं. साडेदहाचा आकडा सकाळी नऊला दिला तरी कुणाचं काही अडत नाही, आणि नेमका तोच झोप खातोय. म्हणून ‘मोबाइल बंद करून झोपा’ असं मी सांगणार नाही, सीझनमध्ये ते जमायचंही नाही. ग्रुप म्यूट करा, कॉलची रिंग चालू ठेवा, आणि फोन उशाशी नको, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, रिंग तिथूनही ऐकू येते.

साहेबांशी मात्र बोलावंच लागेल. ग्रुपवर नको, समोरासमोर, आणि जमलं तर आणखी दोघा सहकाऱ्यांना घेऊन. तक्रार म्हणून न जाता ठरवून जा, सर, रोज सातला माझा रिपोर्ट येईल, त्यानंतर अर्जंट असलं तर कॉल करा. त्यांनाही वरनं कुणीतरी विचारत असणार, सातला आकडे हातात आले तर बऱ्याचदा त्यांचंही काम होतं. हजेरी बंद केली की लोकेशनही बंद ठेवायचं का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामानंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा झालेला नाही, त्यामुळं सध्या तरी बोलूनच मार्ग काढावा लागतो.

आणि एक, बाइक चालवताना फोन वाजला तर कडेला थांबल्याशिवाय घेऊ नका, साहेबांचा असला तरी.

हे करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा, आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरी वहिनींना हे पत्र वाचायला द्या, त्यांना वाटत असेल तुम्हाला मोबाइलच प्यारा आहे. साहेब काय म्हणाले ते मला नक्की कळवा.