३०६० की ४०६०? नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस

अरे ग्राफिक्स कार्डाचं नाव मोठं म्हणजे सगळंच मोठं असं नसतं. आरटीएक्स ३०६० (२०२१ चं) मध्ये १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस (मेमरी आणि चिपमधला डेटाचा रस्ता), तर ४०६० (२०२३) मध्ये ८ जीबी आणि १२८ बिटच, पण त्याचा कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) बराच मोठा आणि चिप नवीन, त्यामुळे १०८०पी ला गेममध्ये ४०६० साधारण २० टक्के पुढे राहतं, आणि तेही ११५ वॅटमध्ये, ३०६० ला १७० लागतात. जाहिरातीतला दुप्पट एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बघून हुरळू नकोस, तो बहुतेक फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून भरणं) चालू करून काढलेला असतो. तुलना करायची तर तोच गेम, तेच सेटिंग, तोच प्रोसेसर, आणि अ‍ॅव्हरेजसोबत १ टक्का लो (सर्वात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) पण बघ, गेम अडखळतो की नाही ते तिथेच कळतं.

आता तुझा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३ वाला (म्हणजे कार्ड बसवायच्या स्लॉटची जुनी पिढी) असेल तर जरा थांब. ४०६० त्या स्लॉटच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, मेमरी भरली की तिथे झटके जास्त जाणवतात.

ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) किंवा घरीच एआयने चित्रं बनवायची असतील तर मी डोळे झाकून १२ जीबीवालं घेईन, स्पीड थोडा कमी चालेल पण सीन मेमरीत मावलाच नाही तर काय करणार? फक्त गेमिंग असेल तर ४०६०. आणि हो, ३०६० चं ८ जीबीवालं पण मॉडेल आहे, त्याची बस १२८ बिटच आहे आणि ते बरंच हळू आहे, दुकानदार नुसतं "३०६०" म्हणाला तर खोक्यावर १२ जीबी लिहिलंय का ते आधी बघ.