पिकअपचा एसी सकाळी गार, दुपारी गरम: तिसऱ्यांदा गॅस भरण्याआधी हे बघा

पेडण्याच्या भाऊंची तक्रार वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. त्यांचा डबल केबिनचा डिझेल पिकअप मोरजी-हरमलच्या पट्ट्यात माल पोचवतो. सकाळी एसी बरा, दुपारी म्हापशात ट्रॅफिकमध्ये अडकलं की गरम हवा. तीन महिन्यांत दोनदा गॅस भरून झाला, आता वर्कशॉपवाला तिसऱ्यांदा भरू म्हणतोय. भरू देऊ नका. माझे सगळ्यात जास्त पैसे याच एका चुकीत गेले आहेत.

फ्यूज, बेल्ट, केबिन फिल्टर बघून झालं असणार, त्यावर वेळ घालवत नाही.

गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो फिरत राहतो. शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडाफार झिरपतो, पण दीड महिन्यात एसी बसतो म्हणजे कुठेतरी भोक आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे: कॉम्प्रेसरला वेगळी ऑइल चेंबर नसते. त्याचं पीएजी तेल (एसीचं वंगण) गॅसबरोबरच सिस्टममधून फिरतं आणि गॅस गळतो तेव्हा तेही बाहेर जातं. टॉप-अप करणारा गॅस भरतो, तेल कोणी भरत नाही. दोन-तीन टॉप-अपनंतर कॉम्प्रेसर कोरडा चालायला लागतो, आतला धातू खरवडतो, आणि तो चुरा कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची, गॅस थंड करणारी जाळी) बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तो फ्लश करून निघत नाही. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर ड्रायर (ओल शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस बारीक भोकातून सोडणारा) सगळंच बदलावं लागतं. सुरुवात असते एका ओ-रिंगपासून, जी चहा-पावाच्या पैशात येते.

ज्या वर्कशॉपने मला हा धडा दिला त्याचं नाव घेत नाही. तिन्ही बिलांवर फक्त ‘गॅस चार्जिंग’. किती ग्रॅम, कुठलं तेल, लीक टेस्ट केली की नाही, काही नाही. कॉम्प्रेसर गेल्यावर उत्तर मिळालं की आमच्याकडे लीकची तक्रार नोंदलेलीच नाही. म्हणून पहिला सल्ला पान्याचा नाही, पेनाचा आहे: जॉबकार्डवर ‘लीक टेस्ट करून कारण लिहा’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या गाडीकडे. सकाळी गार, दुपारी गरम या लक्षणाची तीन कारणं असू शकतात आणि ती घरीच वेगळी काढता येतात.

पहिलं, क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारी चुंबकी चकती. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल. गरम हवा येत असतानाच बोनेट उघडून कॉम्प्रेसरची पुढची चकती बघा. पुली फिरतेय पण चकती थांबलीय, आणि कनेक्टरला मल्टिमीटरवर १२ व्होल्ट येताहेत, तर क्लचची कॉइल तपासा. इंजिन बंद करून, कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा: साधारण ३ ते ५ ओहम हवा. तो ठीक असेल तर चकती आणि पुलीमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा. बहुतेक कॉम्प्रेसरना ०.३ ते ०.६ मिमी लागते. झिजून फट वाढली की थंड कॉइल चकती ओढते, तापलेली ओढू शकत नाही. आतली एक शिम (पातळ वॉशर) काढली की काम होतं, आणि अशा गाडीत उगाच गॅस भरला जातो. १२ व्होल्ट येतच नसतील तर रिले, प्रेशर स्विच, थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) या क्रमाने जा. प्रेशर स्विचच्या जागी तीन वायरींचा सेन्सर असेल तर त्याला जंपर (थेट जोडणारी वायर) लावू नका.

दुसरं, कंडेन्सरवरची हवा. गाडी उभी, एसी चालू, गरम हवा येतेय, अशा वेळी ग्रिलमधून कंडेन्सरवर दोन-तीन तांबे पाणी ओता. लगेच हवा गार झाली तर दोष पंख्याचा: इलेक्ट्रिक असेल तर मोटर किंवा रिले, इंजिनवरचा असेल तर व्हिस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग). डिचोली-साखळीकडे ट्रकांमागून फिरणाऱ्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये लाल धुळीची वळकटीच सापडते. ती बागेच्या साध्या नळीने, आतून बाहेरच्या दिशेने धुवा. सर्व्हिस स्टेशनचं प्रेशर गन मारलं की फिन्स आडव्या होतात.

तिसरं, गॅस खरंच कमी. इथे गेज लागतंच. निळी नळी लो साइडला (कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडला (जास्त दाबाची), कपलर वेगवेगळ्या मापाचे असल्याने उलटसुलट होत नाहीत. गाडी रात्रभर उभी असेल तर दोन्ही काटे सारखे दिसतील. आर-१३४ए, म्हणजे एसीतल्या या गॅसचं प्रेशर ३२ अंशांना सुमारे १०० ते १०५ पीएसआय. बरेच जण इथेच फसतात: आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी हा आकडा तेवढाच दिसतो. म्हणजे बंद गाडीवर १०० दिसलं तर गॅस पुरेसा आहे असं नाही. ६०-७० दिसलं तर मात्र जवळजवळ काही उरलेलं नाही. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून, आपल्या हवेत, लो साइड २५-४० आणि हाय साइड २००-२५० च्या आसपास हवी. दोन्ही खाली म्हणजे गळती. दोन्ही वर, हाय साइड ३०० च्या पुढे, म्हणजे पंखा, घाण किंवा जास्त भरलेला गॅस. (गाडीगणिक आकडे हलतात. मी तुमची गाडी बघितलेली नाही, हेही लक्षात असू द्या.)

गळती शोधताना आधी डोळे वापरा. तेल बाहेर येतं तिथे धूळ चिकटते, आणि गोव्यात धूळ लाल. कंडेन्सरच्या जॉइंटखाली, होजच्या क्रिम्पजवळ (दाबून बसवलेला सांधा), कॉम्प्रेसरच्या नाकाशी बॅटरी मारा. बाकी पाइप कोरडे आणि एकाच नटाभोवती ओल्या कुंकवासारखा लेप, बोटाला तेलकट लागतो, ती जागा. सर्व्हिस पोर्टची टोपणं जागेवर आहेत का बघा. आतला व्हॉल्व्ह झिरपतो आणि टोपणातलं रबर त्याला अडवतं, पण गॅसवाले टोपणं हरवतात. समुद्राकाठी गाडी लागत असेल तर कंडेन्सरच्या खालच्या ओळी बघा, पांढरी भुकटी म्हणजे मिठाने ॲल्युमिनियम खाल्लंय. बाहेर काहीच नसेल तर यूव्ही डाय (दिव्यात चमकणारा रंग) घालून आठ दिवसांनी निळ्या दिव्यात बघा, इव्हॅपोरेटरच्या (केबिनमधली गार जाळी) पाण्याच्या नळीच्या तोंडाशीसुद्धा. साबणाच्या पाण्याने बघायचं तर रेग्युलेटर लावून नायट्रोजन, १५० पीएसआयपर्यंत. टायरची हवा भरू नका, ऑक्सिजन तर अजिबात नाही, तेलाशी मिळून स्फोट होतो. आणि सीलंटची बाटली कोणी सुचवली तर नमस्कार करून निघा. ती भोकाबरोबर एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवते.

नट सोडण्याआधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्या. सोडताना दोन पाने लावा, एकाने धरा, एकाने फिरवा, नाहीतर पाइप पिळतो. ओ-रिंग एसीचीच, एचएनबीआर रबराची, तेलाचं बोट लावून बसवा. लाइन उघडली की ड्रायर नवा, यात काटकसर नाही. त्यातले दाणे ओल शोषतात, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडा ठेवलेला ड्रायर बसवण्याआधीच वाया जातो. त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढा. पीएजी तेलही ओल ओढतं, अर्धी उघडी बाटली वापरू नका. ग्रेड कॉम्प्रेसरवरच्या लेबलप्रमाणे. नव्या ड्रायरला १०-१५ मिली, कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली, शिवाय गळून गेलेल्याचा अंदाज.

मग व्हॅक्यूम. काटा उणे २९ इंचांपर्यंत जायला हवा, तिथे पाऊण तास. इतक्या कमी दाबाला पाणी २५ अंशांच्या आसपास उकळतं आणि ओल वाफ होऊन निघते. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर लावून ‘व्हॅक्यूम’ करणारे आहेत, त्यावर माझा विश्वास नाही, टू-स्टेज पंप भाड्याने आणा. नंतर व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा बघा. थोडा चढून थांबला तर ओल आहे, पुन्हा ओढा. चढतच राहिला तर भोक अजून आहे.

गॅस वजनावर भरा. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवून तेवढेच. ‘लाइनवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत’ हा जुना हिशेब, त्याने जास्त भरला जातो. इंजिन चालू असताना फक्त लो साइड, डबा उभा. उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो. गेजचा लाल (हाय साइडचा) व्हॉल्व्ह चुकून उघडला तर डबा फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे घाला, हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. बंद गॅरेजमध्ये करू नका, जवळ विडी-सिगरेटही नको, आगीत त्याचा विषारी धूर होतो.

डबा ओळखीच्या दुकानातूनच घ्या. २०११ मध्ये नकली आर-१३४ए भरलेल्या रीफर (थंड मालाच्या) कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं गेली होती. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं, ते ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करतं.

पावसात एसी लागत नाही म्हणून चार महिने बंद ठेवू नका, आठवड्याला दहा मिनिटं चालवा, शाफ्ट सील ओलं राहतं. क्लीनर साइडला (ड्रायव्हरच्या शेजारी) पायाशी पाणी येत असेल तर तो गॅसचा दोष नव्हे, ड्रेनची नळी चिखलाने किंवा कुंभारणीच्या घरट्याने बुजलेली असते, खालून तार घाला.

दोन्ही काट्यांचे आकडे, बंद असतानाचे आणि १५०० आरपीएमवरचे, शिवाय त्या वेळचं बाहेरचं तापमान इथे टाका. पुढचं त्यावरून सांगता येईल.