दान, कर्तव्य की देणे?

प्रश्न आला आहे: श्रीमंतांनी गरिबांना केलेल्या मदतीला 'दान' म्हणावे, 'कर्तव्य' म्हणावे की 'उपकार'?

'उपकार' आधी बाजूला काढू. उपकार फेडायचे असतात ते घेणाऱ्याने. मदत मिळाली रे मिळाली की गरीबच ऋणको ठरतो. हे मला अन्यायाचे वाटते.

'दान' म्हणजे ऐच्छिक, असे धरले तर तो शब्द अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकच्या मांडणीला (१९७४) चपखल बसतो: न्याय्य मार्गाने मिळवलेले ज्याचे त्याचे, कुणी खुशीने द्यावे, पण गरिबांसाठी म्हणून ते सक्तीने काढून घेता येणार नाही. मात्र आपले 'दान' इतके मोकळे नाही. 'दानधर्म' हा जोडशब्दच पाहा. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणते, तर 'दातव्यम्' म्हणजे द्यायलाच हवे म्हणून दिलेले, आणि तेही 'अनुपकारिणे', परतफेड न करणाऱ्याला. 'दातव्य'मधला 'तव्य' तोच, जो 'कर्तव्य'मध्ये आहे.

'कर्तव्य' हा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा शब्द. पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल समोर असताना त्याने १९७२ साली विचारले: उथळ तळ्यात मूल बुडतेय, तर कपडे चिखलाने माखतील म्हणून तुम्ही थांबाल का? तितक्याच मोलाचे काही न गमावता मोठे अनिष्ट टाळता येत असेल, तर ते टाळलेच पाहिजे. न देणे ही चूक. अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांटही परोपकाराला कर्तव्यच म्हणतो, पण किती आणि कुणाला हे देणाऱ्यावर सोडतो. दोघांच्या 'कर्तव्या'त एवढे अंतर आहे, म्हणून नुसता शब्द वापरून भागत नाही.

आणि प्रश्नात नसलेला, मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द: 'देणे'. आपण 'समाजाचे देणे लागतो' म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ थॉमस पोगे म्हणतो की जागतिक व्यवस्थेचे नियमच गरिबांना इजा करतात आणि ते लादणारे त्या इजेला जबाबदार आहेत. तिथे हाच शब्द हवा. खुद्द कांटनेही १७९७ मध्ये शंका घेतली होती: श्रीमंताची ऐपतच बहुधा अन्यायातून आलेली असेल, तर त्याच्या मदतीला परोपकार म्हणावे का?

लिहिताना विभक्ती सांभाळा. 'गरिबांना देणे' ही नुसती क्रिया. 'गरिबांचे देणे' हे कर्ज. पोगेबद्दल लिहीत असाल तर षष्ठी वापरा, सिंगरबद्दल असेल तर 'कर्तव्य' पुरेसे आहे.