जुने अमेरिकन गुन्हेगारीपट: डिस्क घेण्याआधी

सुरुवात करताय, तर आधी एक सांगतो: नुसतं नाव बघून डिस्क घेऊ नका, आवृत्ती बघा. 'टच ऑफ ईव्हिल'चंच घ्या. १९५८ च्या या चित्रपटाचं काम स्टुडिओने १९५७ मध्येच दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हातून काढून घेतलं, काटछाट केली, काही दृश्यं दुसऱ्याकडून चित्रित करून घेतली. त्यावर वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये नवं संकलन केलं. त्यात सुरुवातीच्या त्या सलग लांब शॉटवरची श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत काढलंय. रस्त्यावरचे आवाज, दुकानांतून येणारी गाणी ऐकू येतात आणि गाडीतल्या बॉम्बची धास्ती कितीतरी वाढते. ज्या संचात तिन्ही आवृत्त्या (१९५८ ची प्रदर्शित, प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळाची आणि १९९८ ची) आहेत तोच घ्या. माझ्या मते आधी १९९८ ची बघावी.

'डीटूर' (१९४५) मात्र स्वस्तातला मुळीच घेऊ नका. त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून कुणीही कसल्याही धूसर प्रतीवरून डिस्क काढली. २०१८ मध्ये जीर्णोद्धार झालेली प्रत पाहाल तेव्हा अभिनेत्री अॅन सॅव्हेजच्या डोळ्यांतली धार कळेल.

चित्र जवळजवळ चौरस दिसलं तर घाबरू नका, १९५३ च्या आधीचे चित्रपट तसेच आहेत. टीव्हीवर ते ताणून बघू नका, एवढी विनंती.

आणि रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण, तपासा: अमेरिकेची ब्लू-रे 'ए', भारताची 'सी'. फोर-के डिस्कला ही अडचण नाही.