कठपुतली नको, कळसूत्री चालेल. पण दोरी कोणाच्या हातात ते दाखवा

प्रश्न वेंगुर्ल्याकडून आला आहे. तिथलं एक नाट्यमंडळ शिमग्यासाठी अर्ध्या तासाचं प्रहसन बसवतंय. कुठल्याशा महासत्तेनं लोकांना नको असलेलं युद्ध लादलंय आणि सिनेमातले नट-नट्या गॉगल लावून शांततेचे फलक नाचवताहेत, असा विषय. कल्पना 2004 सालच्या 'टीम अमेरिका : वर्ल्ड पोलीस' या बाहुलीपटावरून सुचलेली, तो इराक युद्ध चालू असताना अमेरिकेत निघाला होता. मंडळाची विचारणा दुहेरी आहे. बोर्डावर 'शांततेच्या कठपुतल्या' लिहायचं की 'शांततेच्या कळसूत्री बाहुल्या'? आणि 'कळसूत्री'तली कळ म्हणजे पोटात येते ती का?

कठपुतल्या लिहू नका. काष्ठ आणि पुत्तलिका मिळून झालेला हा शब्द राजस्थानात आणि हिंदीत छान नांदतो. आपल्याकडे तो बातम्यांतून आला, 'कठपुतली सरकार'च्या रूपात, आणि आल्यापासून त्याचं अनेकवचन कसं करायचं यावर एकमत नाही: कठपुतल्या, कठपुतळ्या, की नुसतंच कठपुतली? मराठीत पुतळी आहे, पण ती गळ्यातल्या माळेतली. हिंदीवाल्यांच्या डोळ्यात 'पुतली' असते, आपल्या डोळ्यात 'बाहुली'. दोन भाषांची वाटणी कधीच झालेली आहे. मालवणीत तर सरळ 'बावली' म्हणतात. आणि वेंगुर्ल्याच्या माणसांनी हा प्रश्न विचारावा? कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यानपिढ्या चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांबरोबर कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत आली आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. शेजारच्या अंगणातला शब्द सोडून जयपूरहून उसना आणायचं कारण काय?

आता कळ. पोटातली नव्हे. मराठीत निदान तीन कळा आहेत. एक दुखण्याची: कळ येते, कळ सोसतो. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर लाल-पिवळी पेटल्यासारखी फुलते ती कळलावी याच कळेची, कारण तिचा कंद बाळंतपणाच्या कळा आणायला वापरत. (कंद जहाल विषारी आहे, व्युत्पत्ती तपासायला उगाळू नये.) दुसरी भांडणाची, कलि-कलह या घराण्यातली: कळ लावणारा, कळीचा नारद. आणि तिसरी युक्तीची, यंत्राची: कळ दाबणे, कळ फिरवणे. ही संस्कृत 'कला'ची लेक. हिंदीत तीच 'कल' होऊन कारखान्यात गेली, म्हणून तिकडे कल-पुर्जे. 'कळसूत्री'त ही तिसरी. जी दोरी ओढली की यंत्र हलतं ती कळसूत्र, आणि तिच्यावर नाचते ती कळसूत्री बाहुली. 'कळीचा मुद्दा'ही हिचाच. त्याचा फुलाच्या कळीशी संबंध जोडून 'मुद्दा उमलला' वगैरे लिहिणाऱ्यांनी थोडी कळ सोसावी.

कल्पना जुनी आहे. ज्ञानेश्वरीत बाहुलीच्या खेळाला 'साइखडें' हा शब्द आहे. त्याच्या फार आधी, महाभारताच्या उद्योगपर्वात, युद्ध दाराशी आलेलं असताना धृतराष्ट्र विदुराला सांगतो की माणूस आपल्या बऱ्यावाइटाचा धनी नाही, 'सूत्रप्रोता दारुमयीव योषा', दोऱ्यात ओवलेल्या लाकडी बाईसारखा आहे. पोराला आवरायचं सोडून राजा स्वतःला बाहुली म्हणवून घेतो. तुमच्या प्रहसनाला नांदी हवी असेल तर आयती आहे.

खरी मौज सूत्रात आहे. 'सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार' हे वाक्य रोज कानावर आदळतं. माहिती देणारा माणूस म्हणजे सूत्र, ही हिंदी पत्रकारितेची देणगी. मराठीत सूत्रं हलतात, हाती घेतात, खाली ठेवतात, बोलत नाहीत. त्यावर कडी म्हणजे 'सूत्रांनी सूतोवाच केले'. सूतोवाच म्हणजे 'सूत उवाच', पुराणं सांगणारा सूत बोलला. त्याचा दोऱ्याशी काडीचा संबंध नाही.

तर सूत्रधार. रिशार्ड पिशेल या जर्मन पंडितानं 1900 साली मांडलं की संस्कृत नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा. म्हणजे आधी बाहुल्यांचा खेळ आणि त्यातून नाटक. उपपत्ती इतकी देखणी की आपल्याकडे दर दुसऱ्या लेखात ती सिद्धान्त म्हणून छापतात. संस्कृत नाटकाचे अभ्यासक कीथसाहेब यांनी ती पुढे नाकारली, पण त्यांचं कोण वाचतो? त्यांच्याशीही पूर्ण पटत नाही, कारण नाकारल्यावर त्या जागी सूत्रधाराला बसवायला त्यांच्याकडे तितकं ठसठशीत काही नाही. ते आपल्या आळीत आहे: सुतार.

सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मराठीत सुतार. शब्द तोच, फक्त एक नाटकात राहिला आणि दुसरा रंधा मारत बसला. 'सुतार हा सूत्रकारावरून आला' असं काही जण अजून सांगतात. त्यांनी बंगालकडे बघावं: तिथे सुतारकाम करणाऱ्या समाजाचं नावच सूत्रधर, आडनावही तेच. हातातलं सूत्र कसलं, तर आखणीचं. गेरूत भिजवलेली दोरी लाकडावर दोन खुणांमध्ये ताणायची, मधोमध चिमटीत सरळ वर उचलायची आणि सोडायची. फट् आवाज होतो, रेघ उमटते. दोरी ढिली असेल तर रेघ जाड आणि फिसकटलेली येते. उचलताना हात बाजूला झुकला तर रेघ कमानीसारखी वाकते आणि करवत त्या वाकड्या रेघेनं जाते. 'सुतासारखा सरळ' ही म्हण या फट्‌मधून आली आहे, चरख्यातून नव्हे. इंचाच्या आठव्या भागालाही सुतार 'सूत'च म्हणतो: 'चौकट दोन सूत कमी पडली.'

आणि नाटकाशी याचं नातं? नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा. नाट्यगृह बांधायचं तर पुष्य नक्षत्रावर पांढरं सूत्र ताणून जमीन आखायला सांगितलं आहे. सूत्र कापसाचं, मुंज गवताचं किंवा सालीचं, पण न तुटणारं. अर्ध्यावर तुटलं तर धन्याचं मरण, तिसऱ्या भागात तुटलं तर राज्यात क्षोभ, चौथ्या भागात तुटलं तर प्रयोग करणाऱ्याचा नाश. ज्या कलेची पहिली दोरी अशी जोखमीची, तिचा म्होरक्या ती दोरी धरणारा असणार की बाहुली नाचवणारा? पिशेल यांना बाहुलीची दोरी दिसली, मांडवाची दिसली नाही. पुढे लाकूड कोरणारा, मंच ठोकणारा आणि बाहुलीच्या हाताला भोक पाडून दोरा ओवणारा हा एकच माणूस असला पाहिजे. कला एक, कळ एक, सूत्र एक. हे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे असं कोणी म्हणेल. म्हणू दे, सूत तरी भक्कम आहे.

तुमचा बोर्ड राहिलाच.

'कळसूत्री' म्हणताना दोरीचा स्वभाव लक्षात घ्या. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. बाहुलीचं वजन डोक्याच्या किंवा खांद्याच्या दोऱ्यावर तोललेलं असतं, हाताचे दोरे फक्त उचलतात. खाली आणण्याचं काम गुरुत्वाकर्षणाचं. म्हणून हलक्या हाताची बाहुली नमस्कार करते तो तरंगत, आणि हात जरा जड केला की तोच नमस्कार पटतो. चालणं सगळ्यात अवघड, कारण पाय जमिनीवर टेकल्यासारखे दिसतात पण त्यांच्यावर भार नसतो. 'टीम अमेरिका'वाल्यांनी ही अडचण लपवली नाही. बाहुल्या 2 फुटांच्या आसपास, चेहऱ्यात मोटारी बसवलेल्या, आणि दोऱ्या मुद्दाम दिसत्या ठेवलेल्या. जगाचे पोलीस पॅरिसमध्ये अतिरेक्यांमागे लागतात आणि आयफेल टॉवर पाडून ठेवतात, तेही याच लडखडत्या पायांनी. नंतर ज्यांची टर उडते ते शांततावादी नटही तसेच लोंबकळत येतात. सरकारी पोलिसाला आणि विरोधी नटाला एकच चाल, म्हणून टर दोन्हीकडे लागते. नट मॅट डेमनची बाहुली तर बनतानाच चेहऱ्यानं बावळट निघाली, म्हणून तिला आपल्या नावापलीकडे बोलायलाच दिलं नाही. सुताराची चूक लेखकानं संवादात वळवून घेतली. दशावतारात कोणाची मिशी सुटली तर नट ती पुढच्या वाक्यात घेतो, त्यातलाच प्रकार.

त्या सिनेमात नटांना 'कळसूत्री' म्हणायला आधार आहे, कारण उत्तर कोरियाचा किम जोंग-इल त्यांना आपल्या शांतता सोहळ्यासाठी वापरून घेतो आणि दोरी त्याच्या हातात आहे हे प्रेक्षकाला दिसतं. तुमच्या प्रहसनात अशी दोरी आहे का? नसेल तर शब्द चुकतो. कळसूत्री म्हणजे ज्याची हालचाल दुसऱ्याच्या बोटांत आहे असा. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या नटावर खरा आरोप बहुधा तो नसतोच. अमेरिकन नटी जेन फोंडा व्हिएतनाम युद्ध चालू असताना, जुलै 1972 मध्ये, शत्रूच्या राजधानीत हनोईला गेली, विमानविरोधी तोफेवर बसून फोटो काढून घेतला आणि जन्मभर 'हनोई जेन' झाली. त्या फोटोबद्दल तिनं पुढे माफीही मागितली. युद्धाला केलेला विरोध खरा होता, तोफेवरची बैठक नटीची होती. नट शॉन पेन डिसेंबर 2002 मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, बगदादला जाऊन आला. त्याची टर उडाली ती तो तिथे चौकशीला गेला की चमकायला, याच्यावरून. 1969 च्या मार्चमध्ये 'बीटल्स'चा गायक जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो अॅम्स्टरडॅमच्या हॉटेलात शांततेसाठी आठवडाभर पलंगावर बसून राहिले. त्यांना तर हसं होणार हे आधीच ठाऊक होतं आणि तेच भांडवल होतं. यांच्यापैकी कोणाच्या दोऱ्या कोण ओढत होतं? कोणी नाही. याला कोकणात शब्द आहे: सोंग.

सोंग हा 'स्वांग'चा मराठी अवतार. बाहुलीचं अंग दुसरा हलवतो. सोंग घेणारा आपल्याच अंगावर दुसऱ्याला चढवतो. क्रियापदं मात्र सांभाळा, इथेच सगळे घसरतात. सोंग काढतात ते शिमग्यात, मिरवायला. सोंग घेतात ते भूमिका म्हणून. सोंग आणतात ते खोटं, झोपेचं किंवा आजाराचं. सोंग वठवतात म्हणजे ते पटेल असं उभं करतात. आणि मालवणीत बाई पोराला 'सोंगां करू नको' म्हणते तेव्हा अर्थ फक्त नखरे. आता ताडून बघा: नटानं शांततेचं सोंग 'घेतलं' म्हटलं तर तो शांतिदूताची भूमिका करतोय, 'आणलं' म्हटलं तर त्याला शांततेचं काही पडलेलं नाही. एका क्रियापदानं तुमचं प्रहसन युद्धविरोधकांवर उलटेल. ते हवं असेल तर हरकत नाही, पण चुकून होऊ देऊ नका.

सोंगासाठी दोरी ओढणारा माणूस दाखवायची गरज नाही. दशावतारात संकासुर काळ्या वेशात येतो, नाईकाशी मालवणीत हुज्जत घालतो, गावातल्या-देशातल्या कोणाचीही खिल्ली उडवतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. तुमच्या नटाला त्याच बाकड्यावर चढवा, हातात फलक द्या आणि संकासुराला फक्त विचारू दे की फलक कोणी रंगवून दिला. नट 'सूत्रांनी' म्हणाला तर हशा नक्की.

जाता जाता, जाहिरातीत 'विडंबन' लिहिणार असाल तर 'विटंबना' लिहू नका. दोन्ही एकाच 'विडंब्' धातूची लेकरं, मूळ अर्थ नक्कल करणं. पण एक हसवतं आणि दुसरीवरून गावात बंद पाळला जातो. बाहुलीची केली तर विडंबन, पुतळ्याची केली तर विटंबना.

तेव्हा दोरी दिसत असेल तर 'शांततेच्या कळसूत्री बाहुल्या', नसेल तर 'शांततेचं सोंग'. बोर्ड रंगवणाऱ्याला एवढं सांगा: 'कळसूत्री'त सू दीर्घ. मराठी 'सूत' प्रत्यय लागताच आखडतं, 'सुताला', 'सुताचा'. 'सूत्र' तत्सम असल्यानं 'सूत्राला'तही दीर्घच राहतं. 'सुतार'चा सु ऱ्हस्व. बोर्डाची फळी त्याच्याकडूनच आणणार असाल, तर दोन सूत जास्तच कापून घ्या.