शंभर ट्रिलियनची नोट : नोटसंग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : झिम्बाब्वेच्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेवर एकावर एक ठेवलेले दगड कसले आहेत?

उत्तर : ते हरारेजवळच्या एपवर्थ येथील चिरेम्बाचे ग्रॅनाइट खडक असून ते कोणी रचलेले नाहीत, ऊन, पाऊस आणि वारा यांनी झिजत झिजत ते आज दिसतात तसे एकमेकांवर तोलून उभे राहिले आहेत. स्वतंत्र झिम्बाब्वेच्या पहिल्या नोटांपासून हेच खडक दर्शनी बाजूस आहेत, म्हणजे चलनाचे मूल्य कोसळत गेले तरी हे चित्र मात्र टिकून राहिले, आणि माझ्या मते संग्राहकाने या नोटेत सर्वप्रथम पाहावे ते हेच. मागील बाजूस व्हिक्टोरिया धबधबा आणि आफ्रिकी रानरेडा आहे.

प्रश्न : हा आकडा मराठीत कसा वाचावा? जगातील सर्वांत मोठ्या मूल्याची नोट हीच का?

उत्तर : एकावर चौदा शून्ये, म्हणजे एक कोटी कोटी, भास्कराचार्यांच्या स्थानसंज्ञांमध्ये या संख्येला ‘जलधी’ म्हटले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. हंगेरीने १९४६ मध्ये चलनात आणलेल्या एका नोटेचे मूल्य एकावर वीस शून्ये इतके पेंगो (हंगेरीचे तेव्हाचे चलन) होते, परंतु ते अक्षरांत व संक्षेपाने छापलेले असल्यामुळे शून्यांची रांग तिच्यावर दिसत नाही.

प्रश्न : त्या काळी या नोटेला काही किंमत होती का?

उत्तर : फार थोडी, आणि तीही फार थोडे दिवस. नोटेवर २००८ हे वर्ष असले तरी ती जानेवारी २००९ मध्ये आली आणि २ फेब्रुवारीला चलनातून बारा शून्ये वगळण्यात आली. पुढे २०१५ मध्ये रिझर्व्ह बँक ऑफ झिम्बाब्वेने २५० ट्रिलियनला एक अमेरिकी डॉलर या दराने रोख नोटा परत घेतल्या. या हिशेबाने एका नोटेचे चाळीस सेंट होतात. संग्राहक आज तिच्यासाठी याच्या कितीतरी पट मोजतात, पण ज्यांची आयुष्यभराची बचत या शून्यांत विरून गेली त्यांची आठवण ठेवूनच ती संग्रहात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : विकत घेताना काय तपासावे?

उत्तर : अनुक्रमांकाच्या आधी ‘एए’ ही अक्षरे असावीत, ‘झेडए’ असल्यास ती छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट असते व तिला भाव अधिक मिळतो. उजेडाकडे धरल्यावर जलचिन्हात झिम्बाब्वे पक्षी, म्हणजे त्या देशाचे पक्ष्याच्या आकाराचे राष्ट्रीय बोधचिन्ह, दिसला पाहिजे, आणि नोट तिरपी केल्यावर दर्शनी बाजूवरील पक्ष्याचा रंग बदलला पाहिजे. सोनेरी पत्र्याच्या नोटा केवळ शोभेच्या असतात. कोरी नोट पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, कारण त्यातील द्रव्ये कालांतराने कागदाला चिकटतात.