एसएसडी घेण्याआधी मदरबोर्ड पाहावा
कोणता एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह, घ्यावा हे ठरवण्यासाठी तुम्ही दोन ड्राइव्हच्या वेगाचे आकडे शेजारी मांडले आहेत, परंतु निवडीची सुरुवात मदरबोर्डच्या (संगणकाचे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाच्या) माहितीपुस्तिकेपासून करावी. एम.२ हे केवळ ड्राइव्हच्या आणि बोर्डावरील त्याच्या स्लॉटच्या आकाराचे नाव आहे. त्या स्लॉटमध्ये बसणारा ड्राइव्ह साटा (जुन्या, संथ जोडणीचा) असू शकतो किंवा एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा), आणि काही बोर्डांवरील स्लॉट यांपैकी एकच प्रकार ओळखतो. साटा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर थांबतो, तर पीसीआयई ४.० वरील (पीसीआयई म्हणजे एनव्हीएमई ज्यावर चालतो तो जोडमार्ग, ४.० ही त्याची पिढी) वेगवान एनव्हीएमई ७,००० च्या आसपास जातो. तरीही हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला संगणक सुरू होताना या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही.

माझ्या मते अधिक लक्ष द्यावे ते चिपच्या प्रकाराकडे. टीएलसी आणि क्यूएलसी हे त्याचे दोन प्रकार. टीएलसीच्या एका सेलमध्ये (चिपमधील साठवणीच्या कप्प्यात) तीन बिट साठवले जातात, क्यूएलसीमध्ये चार, म्हणून क्यूएलसीवर लिहिणे संथ होते. मी एकदा क्यूएलसी ड्राइव्हवर व्हिडिओंचा मोठा संग्रह उतरवत होतो. आरंभी वेग उत्तम होता, मात्र जलद कॅशे (ड्राइव्हमधील तात्पुरती साठवण) भरताच तो जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरला. (कॅशे भरल्यानंतरच्या वेगाचा आकडा खोक्यावर सहसा छापलेला नसतो.) त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम आणि रोजच्या कामासाठी १ टेराबाइटचा टीएलसी ड्राइव्ह घ्यावा, पीसीआयईची पिढी एक पायरी खालची असली तरी चालेल.